तलावाकाठी बसलेला कुरव जवळ गेलं तरी उडत नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: सकाळी सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर फिरायला गेला होता, काठाच्या चिखलाशेजारी एक पांढरा-राखाडी पक्षी दिसला, चोच आणि पाय लाल, म्हणजे कुरव (इंग्रजीत गल). तुम्ही दोन हातांवर गेलात तरी उठला नाही, चार पावलं बाजूला सरकून पुन्हा बसला. मुलगी म्हणते घरी नेऊ, मित्र म्हणतात उचलून पाण्यात सोडा, आपोआप जाईल.

पाण्यात सोडू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, पण एवढं आधी ऐका.

मी सोडला होता. 2017 च्या फेब्रुवारीत उजनीच्या बॅकवॉटरला, करमाळ्याच्या बाजूला केत्तूरला गेलो होतो. असाच एक कुरव काठावर बसलेला. कुत्री आसपास फिरत होती म्हणून मी त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन अलगद ठेवलं. तो तरंगायला लागला तेव्हा मला फार बरं वाटलं. काही मिनिटांतच त्याची मान खाली यायला लागली. एकदा उचलली, परत खाली गेली. मासे धरणारे एक मामा होडीतून येत होते, त्यांना हाक मारली. ते पोहोचेपर्यंत चोच पाण्याखाली गेली होती. पाण्यावर जगणारा पक्षी माझ्या डोळ्यांसमोर बुडाला. मी त्याला काठावरच राहू दिलं असतं तर निदान तसा मेला नसता, हे अजून मनातून जात नाही. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

पुढे एका पशुवैद्यांनी मला तो प्रकार समजावून सांगितला. तलाव आटायला लागला, ऊन वाढलं, काठाला मेलेले मासे आणि शेवाळ कुजायला लागलं की त्या चिखलात हवा खेळत नाही. तिथे एक जिवाणू वाढतो आणि विष तयार करतो, त्या आजाराला बोटुलिझम म्हणतात. मेलेल्या पक्ष्यात ते विष असतं, त्याच्यावरच्या अळ्यांत साठतं, अळ्या दुसरा पक्षी खातो, मग तोही पडतो. राजस्थानात सांभर सरोवरावर नोव्हेंबर 2019 मध्ये हजारो पक्षी मेले, ते यानेच. हे विष नसा आणि स्नायू यांच्यातला दुवा तोडतं. पाय लुळे पडतात, पंख पडतात, शेवटी पक्षी मान टाकतो. काठावर असेपर्यंत श्वास चालू असतो, पाण्यात मान टाकली की संपलं. वेळेत सापडलेला आणि अजून मान धरून असलेला पक्षी मात्र वाचू शकतो. डॉक्टर नळीने किंवा सुईने पाणी देतात, बाकी काम शरीर करतं.

तुमच्या मित्रांचा सल्ला अगदीच चुकीचा आहे असंही नाही, तो दुसऱ्या पक्ष्याला लागू पडतो. टिबुकली म्हणून एक लहान, तपकिरी, जवळजवळ बिनशेपटीचा पक्षी आपल्या सगळ्या तलावांवर असतो. त्याचे पाय अंगाच्या अगदी मागे असतात, जमिनीवरून त्याला उडताच येत नाही, पाण्यावर धाव घेऊन उठावं लागतं. रात्री ओला डांबरी रस्ता पाणी समजून उतरला की तिथेच अडकतो. जखम नसेल तर त्याला खरंच फक्त पाणी हवं असतं. कुरवाचं तसं नाही. धडधाकट कुरव जमिनीवरून, खडकावरून, होडीच्या काठावरून कुठूनही उठतो. बदकांची पिसं एकदम झडतात आणि ती काही आठवडे उडू शकत नाहीत, कुरवाची एकेक करून बदलतात. त्यामुळे ‘पिसं बदलतोय, दोन दिवसांत उडेल’ हेही इथे लागू नाही. आणि आपल्याकडे कुरवाची वीण होत नाही, म्हणजे घरट्यातून पडलेलं पिल्लू असण्याचा प्रश्नच नाही. तो लांबून आलेला पाहुणा आहे. ‘तपकिरी डोक्याचा कुरव’ या जातीचा असेल तर त्याचा जन्म लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तलावांवरचा. (थंडीत डोकं तपकिरी नसतं, पांढरं असतं आणि डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका दिसतो, त्यामुळे नावावरून गोंधळू नका. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असेल तर तो गेल्या उन्हाळ्यातला आहे, पहिल्याच प्रवासाला निघालेला.) असा पक्षी माणूस दोन हातांवर आला तरी बसून राहतो म्हणजे माणसाळलेला नाही. भीती वाटूनही त्याला उठता येत नाहीये.

आता पुन्हा जाल तेव्हा पंधरा मिनिटं लांब उभं राहून बघा. एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली लोंबतोय का? उभा राहतो की पोटावर बसूनच सरकतो? मान ताठ आहे का? चोच उघडी टाकून धापा टाकतोय का? आणि पायाला, पंखाला, चोचीला बारीक चकाकणारा दोरा दिसतोय का? हिप्परग्याला गळ टाकणारे पुष्कळ असतात, तुटलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, काठावर पडून राहतो. पतंगाचा नायलॉन मांजाही तसाच. हे लांबूनच बघायचं, कारण आपण जितक्या वेळा जवळ जाऊ तितक्या वेळा तो उरलीसुरली ताकद पळण्यात घालवतो.

आसपास आणखी पक्षी मेलेले किंवा आजारी पडलेले दिसले तर मात्र हात लावू नका, थेट वन विभागाला कळवा. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला होता, आणि हा आजार स्थलांतरित पाणपक्ष्यांतही असतो. एकटा पक्षी असला तरी हातमोजे आणि मास्क घालाच. हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हातावर चढवा. नंतर साबणाने हात धुवा. घरी किंवा शेजारी कोंबड्या असतील तर खोका त्यांच्या आसपाससुद्धा ठेवू नका.

धरायला जुना टॉवेल न्या. सोलापूरकरांना टॉवेलची काय कमी! चादर नको, जड पडते आणि तिच्या घड्यांत पंख अडकतो. तुम्ही पाण्याच्या बाजूने जा, म्हणजे तो पाण्यात न शिरता जमिनीकडे सरकेल. मागून टॉवेल अंगावर टाका, डोकं झाकलं की तो बराच शांत होतो. मग दोन्ही पंख अंगाशी मिटलेले ठेवून, दोन्ही बाजूंनी धरून उचला. छाती आवळू नका, पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो. चोचीपासून स्वतःचा चेहरा लांब ठेवा. तो चावेल, बहुतेक खाल्लेलंही ओकेल, त्याला घाबरू नका. ओकतो म्हणूनच त्याची चोच दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधायची नाही, गुदमरेल.

खोका सफरचंदाच्या पेटीएवढा हवा. डाळिंबाचे खोके आपल्याकडे कुठेही मिळतात, पण चाळीसेक सेंटिमीटरचा पक्षी त्यात दुमडून बसेल. तळाला जुनं कापड, बाजूंना पेनाने पाडलेली भोकं, वरून बंद, आणि सुतळीने एक फेरा. एवढंच. अंधार आणि शांतता हेच त्याचं पहिलं औषध आहे. गाडीवरून नेताना मागच्याने मांडीवर धरावा. ‘बघू जिवंत आहे का’ म्हणून झाकण उघडायचं नाही. हा मोह मुलांपेक्षा मोठ्यांनाच जास्त होतो.

आता जी चूक जवळजवळ सगळे करतात ती. पाणी पाजू नका. चमच्याने नाही, सिरिंजने नाही, बोटाने थेंब थेंबही नाही. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या बुडाशीच उघडते. ज्याला गिळायची ताकद नाही त्याच्या तोंडात पाणी घातलं की ते फुफ्फुसात जातं. दूध, पाव, भात, शेव तर नकोच. मुंबईत होडीवरून लोक कुरवांना शेव-गाठी टाकतात म्हणून ते त्यांचं अन्न ठरत नाही. आणि माणसांची वेदनाशामक गोळी कुटून देऊ नका. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने या देशातली गिधाडं संपत आली, पक्ष्यांची मूत्रपिंडं काही औषधांपुढे किती नाजूक असतात ते त्यावरून कळावं.

दोरा असेल तर बाहेरचा, सैल, दिसणारा भाग कात्रीने कापा. मांसात रुतलेला ओढू नका. चोचीतून आत गेला असेल तर अजिबात ओढू नका आणि तोंडाजवळ कापूही नका, वीतभर बाहेर राहू द्या, डॉक्टरांना त्याच्यावरूनच गळ शोधता येतो.

फोन 1926 वर करा, ही महाराष्ट्र वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन आहे. 1962 शी गल्लत करू नका, तो गुराढोरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, आकडे तेच असल्यामुळे घाईत हमखास चुकतो. ठिकाण सांगताना नुसतं ‘हिप्परगा तलाव’ म्हणू नका, तुळजापूर रोडने आलं की कुठे वळायचं, जवळ काय आहे ते सांगा. माणूस यायला वेळ लागणार असेल तर त्यांनाच विचारून खोका पशुसर्वचिकित्सालयात घेऊन जा. कायद्याची भीती पुष्कळांना वाटते, म्हणून सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असा पक्षी पाळता येत नाही, आणि ताब्यात आला तर 48 तासांच्या आत कळवावं लागतं. जखमी पक्षी उचलून त्याच दिवशी फोन करणाऱ्याने घाबरायचं कारण नाही.

समजा संध्याकाळ झाली आणि रात्र घरीच काढावी लागली. मांजर, टीव्ही, मुलं यांच्यापासून लांबची खोली निवडा. थंडी असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. उन्हाचे दिवस असतील तर उलट, पत्र्याखालची खोली टाळा. दोन-तीन तासांनी तो स्वतःहून उभा असेल आणि मान ताठ असेल, तरच एका जड, उथळ वाटीत पाणी आणि बाजारातल्या ताज्या चिलापी माशाचे दोन-चार बारीक तुकडे ठेवा आणि बाहेर या. खाल्लं तर खाल्लं. मान डुगडुगत असेल तर वाटीसुद्धा ठेवायची नाही, अर्ध्या इंच पाण्यातही तो बुडतो.

आता मुलीचं. ‘बरा होईपर्यंत आपल्याकडेच राहू दे’ असं ती म्हणेल, माझा पुतण्याही म्हणाला होता. 2021 च्या डिसेंबरात हिप्परग्यालाच पंखात आणि पायात तंगूस गुंडाळलेला एक कुरव आम्हाला सापडला होता. आम्ही त्याला त्याच दुपारी पोहोचवला आणि अकरा दिवसांनी तो तलावावरच परत सोडला गेला. घरी ठेवला असता तर उडाला नसता असं मला खात्रीने वाटतं. फरशीवर उभं राहून राहून पाणपक्ष्याच्या तळपायाला जखमा होतात. पिसं मळली आणि नीट साफ करता आली नाहीत की त्यांच्यातून पाणी आत शिरतं आणि मग तलावही त्याला परका होतो. हे तिला स्पष्ट सांगा. हेही सांगा की सांध्याजवळ पंख मोडला असेल तर डॉक्टरांनाही फार करता येत नाही, आणि सगळं नीट करूनही पक्षी जाऊ शकतो. मुलांना खरं सांगितलेलं कळतं.

तिच्याकडे एक काम मात्र द्या. पक्षी कुठे सापडला, किती वाजता, तेव्हा कसा बसला होता, आसपास त्याच्यासारखे किती होते, हे सगळं वहीत लिहून खोक्यासोबत पाठवायला सांगा. डॉक्टर पहिले हेच विचारतात, आणि बरा झाला तर त्याला त्याच्या थव्यातच सोडायला जागा माहीत असावी लागते. पायात धातूचं कडं असेल तर खोक्यात ठेवण्याआधी तुम्ही त्याचा फोटो काढा, कड्यावरची अक्षरं आणि आकडे तिला उतरवून घेऊ दे. ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवता येतात, म्हणजे तो कुठून निघाला होता ते तिला कळेल. आज ऊन चढायच्या आत टॉवेल आणि पेटी घेऊन निघा, आणि काय झालं ते इथेच लिहा. मी वाट बघतोय.