परवाना वेशीपर्यंतच

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. ह्यांच्याकडे पिस्तूल बाळगण्याचा टेक्सासचा परवाना आहे. न्यू जर्सीला लेकीकडे गाडीने निघालोय. तिथे पिस्तूल कमरेला चालेल का?

उत्तर : नाही हो ताई, अजिबात नाही! माझे मेहुणेही ‘देश एक, कायदा एक’ म्हणत वाद घालायचे. पण हे काही ड्रायव्हिंग लायसन्स नव्हे. टेक्सासमध्ये २०२१पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवाना लागतच नाही. व्हर्मॉंटमध्ये तर तो कधी नव्हताच. न्यू जर्सी मात्र परराज्याचा कुठलाच परवाना मानत नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियाही तसेच. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२च्या ब्रुएन खटल्यातल्या निकालाने परवान्यासाठीची ‘खास कारण दाखवा’ ही अट गेली, परवाना गेला नाही.

१९८६च्या केंद्रीय कायद्याने गोळ्या काढून, डिकीत कुलपात ठेवून मधल्या राज्यांतून जाता येतं. पण जिथे पोचायचं तिथेही शस्त्र बाळगणं कायदेशीर हवं, आणि तुमची गोम तिथेच आहे. मी असते तर घरीच तिजोरीत ठेवलं असतं.

आणि जावई एच-वन-बी व्हिसावर असतील तर त्यांच्या हाती मुळीच देऊ नका. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर केंद्रीय कायद्यानेच त्यांना मनाई आहे.