जुन्या ठाण्यातल्या गल्ल्या सुधारायच्या, पण रहिवाशांना न उठवता: सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: टेंभी नाका, चरई, खारकर आळी या भागातली जुनी घरं नि गल्ल्या टिकवायच्या आहेत, राहणारे लोक तिथेच राहायला हवेत, तर रहिवाशांच्या गटाने पहिलं काम कोणतं घ्यावं? माझं उत्तर: रस्त्याची उंची मोजा. भिंतींना रंग नि जुन्या धाटणीचे दिवे हे अगदी शेवटचं काम.

दर डांबरीकरणाला जुन्या थरावर नवा थर चढतो आणि घराचं जोतं खाली जातं. मग जूनमध्ये पाणी उंबऱ्यातून आत येतं, भिंतीत ओल चढते, लोणा लागतो. म्हणून प्रत्येक घराचा उंबरा रस्त्यापेक्षा किती सेंटिमीटर वर वा खाली आहे हे टेपने मोजून नकाशावर लिहा. दोन रविवारांत एक गल्ली होते. हा कागद हातात असला की महापालिकेकडे नेमकी मागणी करता येते: जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू नये, ही अट निविदेतच हवी. यूटीडब्ल्यूटी (जुन्या डांबरावर काँक्रीटचा पातळ थर) पद्धतीचा रस्ता होणार असेल तर जास्तच सावध राहा. तो थर डांबरासारखा सहज खरवडता येत नाही, त्यामुळे आधी खोदून पातळी उतरवणं, पावसाळी गटार, जलवाहिनी, मलवाहिनी, केबल, सगळं त्याच खोदाईत उरकायला हवं.

आता घरं. देशातल्या सुरुवातीच्या सिमेंट कारखान्यांपैकी एक, पोरबंदरचा, सुरू झाला 1914 मध्ये. म्हणजे त्याआधीची भिंत बहुधा चुन्याचीच. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल बाहेर सुकत नाही, आतून वर चढते नि भिंतीत रोवलेल्या तुळयांची टोकं कुजतात. बाहेरून भिंत कोरडी दिसते, म्हणून वरचा मजला झुकेपर्यंत कुणाला कळत नाही. सिमेंट हातछिन्नीने काढा. ब्रेकर लावलात तर दगडांमधले चुन्याचे सांधे हलतात. नवा गिलावा किमान पंधरा दिवस भिजवलेल्या चुन्याचा. एक भाग चुना, एक भाग सुरकी (विटांची भुकटी), एक ते दोन भाग वाळू, असं धरून आधी मीटरभर चौकोनात करून पाहा. तडे गेले तर वाळू वाढवा. थर 10-12 मिलिमीटरचे, एका वेळी एकच, आणि आठवडाभर ओले ठेवायचे. बाहेरचं काम ऑक्टोबरात सुरू करून मार्चअखेर संपवा, कारण चुना हळू घट्ट होतो. आणि हे सगळं कौलं नि पन्हळी दुरुस्त झाल्यावरच. वरून गळत असेल तर खालचा गिलावा वाया जातो.

स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, शेरा नीट वाचा. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, तिथे जीव आधी, घर रिकामं करायलाच हवं. सी-2ए म्हणजे रिकामं करून दुरुस्ती, सी-2बी म्हणजे लोक राहत असताना संरचनात्मक दुरुस्ती, सी-3 किरकोळ. चुना-लाकडाचं बांधकाम ओळखणाऱ्या अभियंत्याकडूनच ऑडिट करून घ्या. आरसीसीचे (सळ्या घातलेल्या काँक्रीटचे) निकष लावले तर सावरता येणारं घरही सी-1 मध्ये जाऊ शकतं, आणि तिथून परत आणणं फार कठीण असतं.

पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जुन्या कमी भाड्याने घेतलेल्या, घरात दुरुस्ती कोणी करायची यावरून वर्षं जातात. भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची. पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतरही त्याने रास्त मुदतीत केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या भाड्यांचा तो चौथा हिस्सा म्हणजे कौलांचे पैसेसुद्धा नाहीत! म्हणून मालक नि भाडेकरू यांचा खर्चवाटपाचा लेखी करार आधी करा, गवंडी नंतर बोलवा. कराराआधी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. वारसांची नावं लागलेली नसली तर सही कोणाची घ्यायची इथेच गाडी अडते.

जांभळी नाक्यासारख्या बाजाराच्या रस्त्यावर वाहनबंदी मागणार असाल तर मालाच्या टेम्पोंची वेळ आधी ठरवा, पहाटेची. फेरीवाल्यांना हटवून रस्ता मोकळा करायची घाई करू नका. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत त्यांना उठवता येत नाही, आणि त्या गल्ल्यांमधल्या घरांची रोजची भाजीही त्यांच्याकडूनच येते.