रूप बदलणारा हिरो हवाय, जुन्या लॅपटॉपवर चालणारा गेम कुठला? नाशिकमध्ये कुठे मिळेल?

‘वंडर बॉय: द ड्रॅगन्स ट्रॅप’चा 2017 चा रिमेक घे, आणि त्यासाठी एमजी रोडची दुकानं पालथी घालू नको, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून सरळ डाउनलोड होतो. मी पूर्ण खेळलोय. टूडी असल्यामुळे हलका आहे आणि रूपांचा नुसता देखावा नाही, म्हणजे शाप लागून हिरो आधी आग ओकणारा सरडा होतो, मग उंदीर झाला की चौकटीच्या ठोकळ्यांवरून भिंतीवर चढून छताला उलटा चालतो, पुढे पिरान्हा, सिंह, ससाणा. एका बटणावर 1989 चं जुनं सेगा कंपनीच्या मूळ गेमवालं चित्रही दिसतं, भारी वाटतं! फक्त गेम छोटाय आणि पुढे कुठे जायचं ते सांगत नाही, तेवढी शोधाशोध करायची तयारी ठेव.