जुन्या पद्मिनीच्या हेडलाइटचा रिफ्लेक्टर धुरकट झालाय, ब्रासोने घासू का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीचे हेडलाइट मिणमिणतात, रिफ्लेक्टर आतून धुरकट दिसतो आणि गॅरेजवाला म्हणतो, ब्रासोने घासा नाहीतर क्रोम करून घ्या. दोन्ही करू नका. हे उत्तर वाचून होईपर्यंत आत कापडसुद्धा घालू नका.

त्या काळच्या रिफ्लेक्टरची चकाकी पत्र्याची नसते. पत्र्यावर आधी लॅकरचा गुळगुळीत हात देतात आणि मग निर्वात पेटीत त्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसवतात. हा थर जेमतेम मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो. ब्रासोत धातू घासणारी बारीक पूड असते. दोनदा हात फिरवला की ॲल्युमिनियम निघून येतं, खालचा लॅकर उघडा पडतो आणि मग तो रिफ्लेक्टर घरी दुरुस्त होत नाही. टूथपेस्ट, रांगोळी, लिंबू यांनीही हेच होतं.

क्रोमचं म्हणाल तर तो डोळ्याला आरशासारखा वाटतो, पण पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ६५ टक्केच परत फेकतो. ॲल्युमिनियम ८५ ते ९० टक्के फेकतं. म्हणजे पैसे खर्चून उजेड कमी होणार. क्रोम बंपरला करा.

रिफ्लेक्टर उतरवण्याआधी मल्टिमीटर आणा. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.५ आणि सॉकेटवर १२ भरलं, तर फिलामेंटच्या बल्बचा उजेड जवळजवळ एक तृतीयांश घटलेला असतो, कारण उजेड व्होल्टेजपेक्षा खूप वेगाने पडतो. जुन्या गाड्यांत सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो, अर्थिंगचे स्क्रू गंजलेले असतात. अर्थिंग घासून घ्या, रिले बसवा, म्हणजे बल्बला बॅटरीतून थेट करंट देणारा वेगळा स्विच. माझ्या अनुभवात ‘रिफ्लेक्टर गेला’ म्हणून आलेल्या तक्रारींमध्ये खरा दोष पुष्कळदा इथेच सापडतो.

आता धुणं. काच आणि रिफ्लेक्टर एकमेकांना चिकटवलेले असतील तर ते उकलू नका. बल्ब काढा, हवेच्या पंपाने धूळ उडवा आणि बल्बच्या भोकातूनच बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी भरा, त्यात भांडी धुण्याच्या लिक्विडचा एखादा थेंब. हलक्या हाताने खळबळा, ओता, पुन्हा भरा. शेवटी दोनदा नुसतं डिस्टिल्ड पाणी. नळाचं पाणी नको, क्षारांचे डाग वाळून तिथेच बसतात. भोक खाली करून सावलीत पूर्ण वाळू द्या. काच सुटी होत असेल तरी हेच करा. कापूस लावायची वेळ आलीच तर तो ओला आणि टेकवून उचलायचा, ओढायचा नाही.

धुतल्यावरही पांढुरके चट्टे किंवा पापुद्रे राहिले तर थर गेलेला आहे. अशा वेळी पुन्हा व्हॅक्यूम मेटलायझिंग, म्हणजे निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा नवा थर, करून घ्यायचं. पुण्याजवळ भोसरी-चाकण पट्ट्यात वाहनांच्या दिव्यांसाठी हे काम चालतं. एखाद-दुसरा नग घ्यायला सगळे तयार होत नाहीत, म्हणून ओळखीच्या जुन्या गाडीवाल्यांचे नग एकत्र करून न्या. २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्यामुळे भंगारात चांगला मूळ रिफ्लेक्टर दिसला तर भाव न करता घेऊन ठेवा.

तुमच्याकडे किंवा कुणा मित्राकडे महायुद्धाआधीची गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बहुधा पितळेवर चांदीचा मुलामा असतो. चांदी हवेतल्या गंधकाने आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळी पडते आणि ती मात्र उजळता येते. जुनी रीत म्हणजे काजळी अल्कोहोलमध्ये कालवून मऊ सुती कापडाने, बल्बच्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल फिरवायचं नाही. प्रत्येक वेळी थोडी चांदी जाते, म्हणून हे क्वचितच करावं. वरून वार्निश मारू नका, ते पिवळं पडतं. पितळ उघडं पडलं असेल तर नवा मुलामा.

जपण्याचं खरं काम गॅस्केट करतं. काचेभोवतीचं रबर कडक झालं की धूळ आणि पावसाची दमट हवा आत शिरते, कोकणात तर खारट हवा. ते रबर बदला. चांदीच्या रिफ्लेक्टरला मात्र साधं रबर नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते, तिथे कॉर्क वापरा. सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातून सुटणारं ॲसिड धातूचा थर खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेली ट्यूब मागा. खाली पाणी निथळायचं बारीक भोक असेल तर ते बुजवू नका. आणि १००/९० वॉटचा बल्ब अजिबात घालू नका, त्या उष्णतेने बल्बच्या वरचा थर भाजतो आणि सॉकेटही वितळतो.