वाचकांचे प्रश्न : श्रेणी ब-१, मग वजाबाकी का चुकते?

प्रश्न : मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीत आहे. प्रगतिपुस्तकात मराठी आणि गणित दोन्हींत ब-१. घरी मात्र अडखळत वाचते, हातच्याची वजाबाकी हमखास चुकते. खरं काय मानायचं?
– एक पालक, दिघा

उत्तर : दोन्ही खरं आहे. ब-१ म्हणजे ७१ ते ८० टक्के. पण तिसरी-चौथीला १०० पैकी ६० गुण आकारिक मूल्यमापनाचे आणि ४० संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. आकारिकमध्ये तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय असं सगळं येतं. फळ्यावरून उतरवलेला स्वाध्याय आणि घरच्यांनी चिकटवून दिलेला प्रकल्प यांवर ६० पैकी ५२ पडू शकतात. मग संकलितमध्ये ४० पैकी २० मिळाले तरी बेरीज ७२, म्हणजे ब-१. म्हणून शाळेत गेल्यावर श्रेणी विचारू नका, दोन्ही भागांचे गुण वेगवेगळे विचारा.

वाचन घरीच तपासा. तिचं चालू पुस्तक नको, त्यातले धडे ऐकूनच पाठ झालेले असतात. दुसरीच्या पातळीची, तिने न पाहिलेली गोष्ट द्या आणि एक मिनिट लावा. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचं तिसरीअखेरचं लक्ष्य आहे मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. (मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांबतो, तेव्हा चार-पाच शब्द कमी पडले म्हणून घाबरू नका.) आकड्यापेक्षा ती कुठे थांबते ते पेन्सिलीने टिपा. ‘वर्ग’, ‘राष्ट्र’, ‘दुसऱ्या’ अशा ठिकाणीच अडली, तर फक्त जोडाक्षरांचा सराव हवा. ‘पिशवी’, ‘दुकान’ यांतही वेलांटी-उकार चुकत असेल, तर बाराखडीपर्यंत मागे जावं लागेल. शेवटी दोन प्रश्न विचारा. त्यातल्या एकाचं उत्तर गोष्टीत सरळ लिहिलेलं नसावं.

वजाबाकीला ५४ − २७ द्या. बरोबर उत्तर २७. ३३ आलं, तर ती लहान अंक मोठ्यातून वजा करतेय, वर-खाली बघतच नाही. ३७ आलं, तर दशक सुटा केला पण दशकाच्या घरात ५ चे ४ केले नाहीत. दोन्हींचे उपाय वेगळे. ५२ − २७ मात्र देऊ नका, त्यात दोन्ही चुकांचं उत्तर ३५ येतं आणि काहीच कळत नाही. ३३ वाल्या मुलीला आइसक्रीमच्या काड्या द्या: रबर लावलेले दहा-दहाचे पाच गठ्ठे, चार सुट्या. त्यातून २७ काढायला लावा; रबर सोडल्याशिवाय सात काड्या निघतच नाहीत. ३७ वालीला काड्या लागत नाहीत. सुटा केलेला दशक खोडून वर नवा अंक लिहायची सवय लावली की पुरतं. ते जमलं की ५०३ − २६८ द्या. मधल्या शून्यावर चांगली चांगली मुलं घसरतात.

प्रश्न : पास-नापास बंद केलं आणि सरकारी शाळांचा दर्जा गेला. आता पाचवी-आठवीला पुन्हा नापास करतात. फरक पडेल?
– एक निवृत्त शिक्षक, नौपाडा

उत्तर : थोडाच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ ने २०१० पासून आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवणं थांबवलं. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीचा निर्णय राज्यांवर सोपवला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम केला. वार्षिक परीक्षेत नापास झाल्यास जादा मार्गदर्शन, मग पुनर्परीक्षा, त्यातही नापास झाल्यास तोच वर्ग. गोम अशी की कलम १६ एकटं नव्हतं. कलम २४ ने प्रत्येक मुलाची कुवत तपासून लागेल ते जादा शिकवणं शिक्षकावर सोपवलं होतं. पहिलं अमलात आलं, दुसरं बहुतेक कागदावर राहिलं. दुसरीत राहिलेली वजाबाकी पाचवीत वर्ष फुकट घालवून येत नाही. आणि जुन्या काळाचं म्हणाल तर तेव्हा दोनदा नापास झालेलं मूल शाळाच सोडायचं. वर्गात उरलेली हुशारच दिसणार.

प्रश्न : ‘असर’च्या आकड्यांवरून आमच्या शाळेबद्दल काही कळतं का?
– एक पालक, घणसोली

उत्तर : नाही. ‘असर’ ही मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होते, शहरी वस्ती त्यात येत नाही. देशभरात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३, २०२४ मध्ये २३.४ होती. म्हणजे कोरोनानंतरची घसरण भरून निघाली, पण मुळात पाया कच्चाच होता. तुमच्या शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. तिचे ७५ टक्के सदस्य पालकच असतात. तीन गोष्टी मागा: इयत्तावार पट, प्रत्यक्ष हजर शिक्षक (पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक), आणि इयत्तावार किती मुलं उतारा वाचू शकतात. तोंडी टोलवाटोलवी झाली, तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. अर्जात मुलांची नावं मागू नका, फक्त संख्या मागा. नावं मागितली की नकाराला आयतं निमित्त मिळतं.