चार मित्र, एक गाडी, सात दिवस: पुण्याहून गोकर्ण-हंपी कमी खर्चात कसं करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: आम्ही चौघं, एकाची पेट्रोल गाडी, माणशी पंधरा हजारांच्या आत, रोज थोडं डोंगर चढणं-चालणं हवं, राहायला होस्टेल चालेल, पुण्याहून कुठे जावं आणि कसं?

गोकर्ण आणि हंपी, एवढंच करा. याच सात दिवसांत गोवा, दांडेली, मुरुडेश्वर, बदामी असं सगळं कोंबलेल्या याद्या तुम्हाला सापडतील. त्या बाजूला ठेवा. अशा सहलीत पैसा होस्टेलवर कमी आणि रस्त्यावर जास्त जातो. रोज सामान बांधून नवं गाव गाठायचं म्हटलं की पेट्रोल वाढतं, जेवण महाग ढाब्यावर होतं आणि चालायला सकाळ उरत नाही. गोकर्णात तीन रात्री, हंपीत तीन रात्री, सातव्या दिवशी घर.

आधी हिशोब. जाताना, मधला टप्पा, येताना आणि तिथलं फिरणं धरून साधारण १६०० किलोमीटर होतात. चौघं आणि सामान भरलेली गाडी घाटासकट लिटरला १५ देईल असं धरा, म्हणजे १०७ लिटर. १०५ रुपये भाव धरला तर ११,२०० रुपये. टोलचे २,००० आणि पार्किंगचे ८०० मिळवले की १४,०००, माणशी ३,५००. तिघंच गेलात तर हाच वाटा साडेचार हजारांच्या पुढे जातो. पाच जणांत तो २,८०० वर येतो, पण लहान गाडीत पाचव्याची बॅग टपावर जाते आणि कॅरिअरमुळे मायलेज पडतं. चारच बरे.

होस्टेलमधल्या डॉर्मच्या, म्हणजे अनेक खाटांच्या सामायिक खोलीतल्या, एका खाटेला आठवड्याच्या मधल्या दिवशी ५०० ते ८०० पडतात. सरासरी ७०० धरली तर सहा रात्रींचे ४,२००. जेवणखाण रोज ५०० प्रमाणे ३,५००. तिकिटं, होड्या, रिक्षा ८००. अडीअडचणीला १,०००. गाडीचे ३,५०० धरून माणशी एकूण १३,०००. गाडीच्या मालकाचे टायर, ब्रेक, सर्व्हिसिंग यांची झीज कोणी मोजत नाही आणि परत आल्यावर मैत्रीत खुसपट निघतं. किलोमीटरला दीड रुपया धरून होणारे २,४०० उरलेल्या तिघांनी माणशी ८०० असे मालकाला द्यावेत. हे निघायच्या आधी ठरवा.

ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास आहे, सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांना होता: एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. या एका सहलीसाठी तो काढू नका. मालकाकडे आधीपासून असेल तर मात्र टोलचा बराचसा खर्च वाचेल. भाड्याची गाडी घ्यायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या आणि परराज्याचा परवाना आहे का ते विचारा. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो.

जायचं कधी? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, नाताळ ते नववर्षाचा आठवडा आणि महाशिवरात्र सोडून. नाताळात गोकर्णातले दर दुप्पट-तिप्पट होतात. महाशिवरात्रीला गोकर्णाच्या महाबळेश्वर मंदिरात दर्शनाला एवढी गर्दी येते की गावात गाडी घालता येत नाही. पावसाळ्याचा विचारच नको. समुद्र खवळलेला असतो, होड्या बंद असतात, जांभ्यावर शेवाळ धरलेलं असतं आणि या पट्ट्यात दरडी कोसळतात. जुलै २०२४ मध्ये गोकर्णाजवळच्या अंकोल्यापाशी शिरूरला महामार्गावरच दरड येऊन माणसं गेली. एप्रिल-मे हंपीसाठी वाईट, पारा चाळिशीपार जातो.

पहिला दिवस लांब आहे. पहाटे चारला पुणे सोडा. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी, तिथून येल्लापूरमार्गे अंकोला आणि गोकर्ण. थांबे धरून बारा तास लागतात. दोघांना तरी गाडी चालवता आली पाहिजे आणि दर अडीच तासांनी चालक बदलला पाहिजे, चालवणाऱ्याला दमल्यासारखं वाटत नसलं तरी. नकाशावर बेळगावहून खानापूर-अळणावरचा जवळचा रस्ता दिसेल. अंतर वाचतं, पण अरुंद रस्त्यावर वेळ वाचेलच असं नाही. अनोळखी चालकाने हुबळीवरूनच जावं. येल्लापूरच्या पुढे अरबैल घाट उतरताना ट्रकांची रांग असते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ते तापतात, जळका वास येतो आणि ऐन वळणावर पकड सुटते. वास आलाच तर बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबा, चाकांवर पाणी ओतू नका. घाट उजेडात संपला पाहिजे. चारला निघायचं ते यासाठीच.

जेवण हुबळी-धारवाडला खानावळीत करा: ज्वारीची भाकरी, भरली वांगी, कडधान्याची उसळ, शेंगाचटणी, दही. महामार्गावरच्या चकचकीत हॉटेलच्या निम्म्या पैशात पोट भरतं.

होस्टेल घेताना तीन गोष्टी फोन करून विचारा. गाडी दारापर्यंत येते का? गोकर्णातल्या कुडले किनाऱ्यावरच्या बऱ्याच जागी येत नाही, वर पार्किंग करून सामान खाली न्यावं लागतं. चौघांचा गट एकाच डॉर्ममध्ये घेता का? काही ठिकाणी गट वेगवेगळ्या खोल्यांत विभागतात. आणि चौघांना मिळून खोली किंवा होमस्टे केवढ्याला पडेल? पुष्कळदा चार खाटांच्या बेरजेएवढ्यातच स्वतंत्र खोली मिळते. सोबत आधार किंवा लायसन्स ठेवा, पॅन कार्डावर पत्ता नसल्याने ते चालत नाही. लॉकरला स्वतःचं कुलूप, टॉवेल आणि कानात घालायचे बोळे हवेत. पहाटे निघायचं असेल त्या दिवशीची बॅग रात्रीच भरा. पाच वाजता प्लास्टिकच्या पिशव्या वाजवल्या की सगळी डॉर्म जागी होते.

गोकर्णातली मुख्य चाल किनाऱ्यांची: गावचा किनारा, कुडले, ओम, हाफ मून, पॅराडाईज. सकाळी सातला गावच्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकावरून जांभ्याच्या टेकाडावर चढा. प्रत्येक दोन किनाऱ्यांमध्ये असंच एक टेकाड आहे आणि प्रत्येकाला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. ओमपर्यंत वाट मळलेली आहे. पुढे ती अरुंद होते, झुडपांतून जाते आणि समुद्राच्या बाजूला कडा असतो. चूक होते ती इथेच. लोक चपला घालून निघतात, आणि जांभ्यावरच्या सुट्या खड्यांवर चपलेची पकड राहत नाही. तळाला खाचा असलेले बूट घाला. हाफ मून ते पॅराडाईज मोठे दगड ओलांडावे लागतात, ते ओहोटीला सोपं जातं. भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा. माणशी दोन लिटर पाणी ओमला भरून घ्या, पुढच्या टपऱ्या उघड्या असतीलच असं नाही. परत तीच वाट तुडवण्यापेक्षा होडीने या. भाव बसायच्या आधी ठरवा, लाइफ जॅकेट मागा आणि संध्याकाळपर्यंत थांबू नका. काळोखात ही वाट चालायची नाही. पोहायचं तर जीवरक्षक असतील तिथेच. ओमच्या खडकांभोवती पाणी ओढतं आणि दरवर्षी तिथे तरुण मुलं बुडतात.

तिसऱ्या दिवशी याण. गोकर्णापासून पन्नासेक किलोमीटरवर, जंगलात उभे राहिलेले काळ्या चुनखडीचे दोन सुळके. भैरवेश्वर शिखर १२० मीटर, मोहिनी शिखर ९० मीटर. चालणं थोडंच आहे, म्हणून विभूती धबधबा त्याच दिवशी जोडा. पाऊस नुकताच संपला असेल तर जळवा असतील, मोजे लांब घाला.

चौथ्या दिवशी हंपी, हुबळी-गदग-कोप्पळ मार्गाने सव्वातीनशे किलोमीटर. इथे जुन्या माहितीपासून जपा. नदीपलीकडच्या विरुपापूर गड्डीवर राहा असं अजूनही लिहिलेलं सापडतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०२० मध्ये तिथली गेस्टहाऊस पाडली गेली. आता होस्टेल आणेगुंदी-सणापूरच्या बाजूला आहेत, नाहीतर अलीकडे कमलापूर किंवा होस्पेट. नदीवरची होडी माणसं नेते, चारचाकी नाही, आणि संध्याकाळी बंद होते. गाडीला बुक्कसागरच्या पुलावरून मोठा वळसा पडतो. म्हणून पाहायच्या जागा नदीच्या बाजूप्रमाणे वाटा: एक दिवस हंपीचा, एक आणेगुंदीचा.

हंपीच्या दिवशी सूर्योदयाच्या पाऊण तास आधी, बॅटरी घेऊन, चौघांनी मिळून मातंग टेकडी चढा. पायऱ्या तुटक्या आहेत. उजेड झाल्यावर अच्युतराय मंदिराच्या बाजूला उतरा आणि नदीकाठाने विठ्ठल मंदिराकडे चालत जा. गाडीने गेलात तर ती आधीच सोडून बॅटरीच्या गाडीची रांग लावावी लागते, चालत गेलात तर ती कटकट नाही. विठ्ठल मंदिराचं ४० रुपयांचं तिकीट जपून ठेवा, कमळ महालाच्या आवाराला आणि कमलापूरच्या संग्रहालयाला त्याच दिवशी तेच चालतं. अकरा ते चार सावलीत काढा. ग्रॅनाइट तापला की टेकडीवर उभं राहवत नाही. दुसऱ्या दिवशी अंजनाद्रीच्या पावणेसहाशेच्या आसपास पायऱ्या, मग आणेगुंदी. सणापूरच्या तलावात आणि तुंगभद्रेत उतरू नका: नदीत मगरी आहेत आणि खडकांखाली भोवरे. टेकड्यांत बिबटे आणि अस्वलं आहेत, अंधार पडायच्या आत खाली या.

परतीला हुबळीकडे वळू नका. होस्पेट, कुष्टगी, इलकल, विजयपूर, सोलापूर, पुणे असे साडेपाचशे किलोमीटर, जवळजवळ सगळा चौपदरी सपाट रस्ता. पहाटे पाचला निघालात तर विजयपूरला गोलघुमटासाठी तासभर काढता येतो. दुपारी दोनपर्यंत सोलापूर सोडा. हा उसाच्या गाळपाचा हंगाम असतो. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणच्या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागे दिवा नसताना चालतात आणि अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. उशीर झालाच तर वेग साठच्या आत ठेवा.