स्पीच संशोधनासाठी नागपूरहून निघण्यापूर्वी

तुम्ही विचारले आहे की नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी पूर्ण होत आली असताना स्पीच प्रोसेसिंगमधील (म्हणजे यंत्राने बोलणे ओळखण्याच्या तंत्रातील) पीएचडीसाठी जर्मनी निवडावी की अमेरिका, आणि भाषाविज्ञान कधीच शिकलेले नसणे आड येईल का. मी नागपुरातल्या धरमपेठेतून जर्मनीतल्या सारब्रुकेनला आले, त्याला अकरा वर्षे झाली. म्हणून जर्मनीविषयी अनुभवाने लिहिते.

अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळू शकतो आणि ती साधारण पाच-सहा वर्षे चालते. जर्मनीत बहुधा आधी मास्टर्स लागते. इथल्या सारलँड विद्यापीठात भाषा आणि तंत्रज्ञान यांचे एकत्रित मास्टर्स इंग्रजीतून होते. पुढची पीएचडी ही बहुतेकदा पगारी नोकरी असते. ती ई-१३ या सरकारी वेतनश्रेणीतील असते, पण करार पूर्ण वेळेचा आहे की अर्ध्या, हे सही करण्यापूर्वी वाचा. अर्ध्या करारावर काम मात्र क्वचितच अर्धे असते.

आता भाषाविज्ञानाकडे येते, कारण तुमची खरी तयारी तिथेच कमी आहे. २०२२ साली आलेले व्हिस्पर हे बोलणे ऐकून लिहिणारे मॉडेल ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेले होते, आणि तेव्हापासून अनेक अभियंत्यांना वाटते की स्वनविज्ञानाची, म्हणजे भाषेतील ध्वनींच्या अभ्यासाची, गरज संपली. मला हे मान्य नाही. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतील च दोन वेगळे ध्वनी आहेत, लिपीत मात्र अक्षर एकच. केवळ लेखनावरून उच्चारकोश (यंत्रासाठी शब्द आणि त्यांचे उच्चार यांची यादी) तयार केला तर हा भेद पहिल्याच पायरीवर हरवतो. आपल्या वऱ्हाडीत ‘काळा’चे ‘काया’ होते. यंत्राने ‘काया’ असे लिहिले, तर त्याने ध्वनी अचूक ऐकला, की शरीर या अर्थाचा प्रमाण मराठीतला शब्द निवडला, हे केवळ चुकांच्या टक्केवारीवरून कळत नाही. ‘मी जाऊन राहिलो’ म्हणजे ‘मी जात आहे’, हे ज्याला माहीत नाही, तो त्या वाक्याचे भाषांतर बिघडवणारच.

माझे संशोधनाचे पहिले वर्ष याच अज्ञानात गेले. अचलपूरजवळच्या एका गावी मी नातेवाइकांना छापील वाक्ये वाचायला दिली आणि ध्वनिमुद्रण घेऊन परतले. ऐकले तर सगळ्यांचा ळ अगदी शाळेतल्यासारखा स्पष्ट होता. कागद हातात आला की माणूस प्रमाण भाषा बोलू लागतो, ही गोष्ट मला तेव्हा समजली. पुढच्या खेपेस कापसाच्या वेचणीच्या वेळी, त्यांची परवानगी आधीच घेऊन, नुसत्या गप्पा मुद्रित केल्या, तेव्हा कुठे ‘काया’ आणि ‘डोया’ (डोळा) हवे तितक्या वेळा सापडले.

म्हणून माझा आग्रह आहे की अर्ज करण्यापूर्वी नागपुरातच काम सुरू करा. घरच्या किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीशी अर्धा तास बोला, मुद्रण कशासाठी आहे ते त्यांना नीट सांगा, आणि अॅमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या प्राट या ध्वनी तपासण्याच्या मोफत संगणक प्रणालीत त्यातील प्रत्येक ध्वनीच्या सीमा आखा. हे काम किचकट आहे, पण तेच तुमचे पहिले स्वनविज्ञान. विदर्भासारखा प्रदेश अभ्यासकाच्या वाट्याला सहसा येत नाही: मराठीच्या शेजारी द्राविडी कुळातली गोंडी आहे, मेळघाटात मुंडा कुळातली कोरकू आहे, आणि बुलढाण्यातील जळगाव जामोदकडे निहाली आहे, जिचे कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही.

विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक पारखून घ्या. त्यांचे गेल्या तीन वर्षांतील लेख वाचा. इंटरस्पीच या स्पीच संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतील लेख विनामूल्य मिळतात. त्यांच्याकडे सध्या पीएचडी करणाऱ्यांना पत्र लिहून भेटी किती नियमित होतात, ते विचारा. प्राध्यापकांना लिहाल तेव्हा गुणांपेक्षा तुमच्या ध्वनिमुद्रणातून निघालेला एक प्रश्न मांडा.

पुढील नोकरीबद्दल कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. जर्मन विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीवरील मुदतीच्या संशोधनपदांना पीएचडीपूर्वी साधारण ६ आणि नंतर ६ वर्षांची कायदेशीर मर्यादा आहे. प्रकल्पनिधीवरील पदांना वेगळा नियम असला, तरी कायम पदे फारच थोडी आहेत, आणि माझे बहुतेक सहकारी शेवटी कंपन्यांत गेले. परत यायचे असेल तर हैदराबादची ट्रिपल आयटी आणि आयआयटी मद्रास येथे भारतीय भाषांच्या स्पीचवर भक्कम काम चालते, तेव्हा तिथल्या संशोधकांशी आतापासून ओळख ठेवा. आईवडिलांशीही या अनिश्चिततेबद्दल स्पष्ट बोला. मी ते फार उशिरा बोलले.

कागदपत्रांपैकी एपीएस प्रमाणपत्राचे (तुमच्या भारतीय शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) काम सर्वांत आधी हाती घ्या. विद्यार्थी व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) ठेवायची रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो झाली. अर्जाच्या वेळी ती पुन्हा तपासा. पहिले ध्वनिमुद्रण झाले की, बोलणाऱ्यांची हरकत नसेल तर, त्यातील एक मिनिट आणि तुम्ही आखलेल्या सीमा मला पाठवा. च आणि ळ कुठे अडले आहेत, ते आपण मिळून पाहू.